निरभ्र आभाळाखाली चढलेला ओढा: तपोवनच्या वाटेवरची एक दुपार

2015 च्या जूनचा दुसरा आठवडा. दुपारचे पावणेचार. गंगोत्रीच्या बऱ्याच वर, तपोवनच्या उतारावर, आकाशगंगा नावाच्या ओढ्याच्या काठाशी आम्ही अकरा पुणेकर आणि आमचा गाइड उभे होतो. सकाळी अकराच्या सुमाराला याच ओढ्यातून दगडांवर पाय देत आलो होतो. कुणाचा घोटा भिजला असेल तर असेल. आता मधले ते दगड दिसतच नव्हते. पाणी राखाडी झालं होतं आणि तळातून मध्येच टक्, टक् आवाज येत होता. पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटत पुढे सरकत होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. समोर शिवलिंग शिखर उन्हात लख्ख उभं.

"पाऊस कुठे पडलाय हो?" आमच्यातल्या एका काकांनी विचारलं. पुण्याच्या माणसाला चढलेलं पाणी दिसलं की हाच प्रश्न सुचतो.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. ही दुपार आता माझ्या वर्गात दर वर्षी एक प्रकरण म्हणून येते. ते इथे सविस्तर लिहितोय, कारण त्या दिवशी जे चुकलं ते हिमालयात पोचण्याआधीच, पुण्यात वेळापत्रक लिहिताना चुकलं होतं, आणि ते लिहिणाऱ्यांत मी होतो.

जागा

गंगोत्री हिमनदी साधारण 30 किलोमीटर लांब आहे. चौखंबा (7,138 मीटर) या शिखरसमूहाच्या कुशीतून ती निघते आणि वायव्येकडे सरकते. रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती अशा हिमनद्यांची खोरी वाटेत तिला येऊन मिळतात. तिचं तोंड म्हणजे गोमुख, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटरवर. तिथून भागीरथी बाहेर पडते. गंगोत्रीचं देऊळ गोमुखाच्या 18 किलोमीटर खाली, आणि वाटेत चीरबासा, भोजबासा हे मुक्काम.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही हिमनदी वाटतच नाही. पांढरं काही दिसायच्या आधी वाघोलीकडच्या खाणींचं आवार आठवावं, इतके दगड, खडी आणि धूळ तिच्या पाठीवर पसरलेली असते. आजूबाजूचे कडे तुटून खाली येतात आणि बर्फ ते वाहून नेतो. या दगडगोट्यांना आपण पाठ्यपुस्तकात हिमोढ म्हणतो. पायाखालची खडी घसरली आणि खालून हिरवट काळा बर्फ चमकला की मग पटतं, आपण नदीवरच चालतोय.

तपोवन हे हिमनदीच्या डाव्या अंगाला, शिवलिंगच्या पायथ्याशी, जवळपास 4,450 मीटरवरचं कुरण. शिवलिंगची उंची 6,543 मीटर. तिथल्या उतारांवरचा बर्फ आणि हिम वितळून आकाशगंगा होते, कुरणातून वाहते आणि कड्यावरून खाली हिमनदीकडे झेपावते. आम्ही गेलो तेव्हाची वाट गोमुखाच्या वरून, हिमनदीची दगडाळ पाठ ओलांडून, मग अंगावर येणाऱ्या मोकळ्या दगडांच्या चढावरून तपोवनला जात होती. त्या चढात हा ओढा पार करावा लागे.

वेळापत्रक

सदाशिव पेठेतल्या एका घरी, चहाचे दोन दौर होईपर्यंत आम्ही ते वेळापत्रक केलं. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, ढाकचा किल्ला असे ट्रेक गाठीशी असलेली माणसं होतो. भोजबासाहून पहाटे पाचला निघायचं, दहाला तपोवन, तासभर थांबायचं, दुपारी चारपर्यंत परत भोजबासा. तंबू न घेता हलक्या पाठपिशव्यांनी. कागदावर एक ओळ होती: "ओढा ओलांडणे, 10 मिनिटं." जाताना दहा, येताना दहा.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. वर्गात मी तो आधी दाखवतो आणि विचारतो, यात चूक कुठे? मुलं चढाईचा वेग, विरळ हवा, विश्रांती यांवर बोट ठेवतात. त्यांचंही चुकत नाही. आम्हाला खरंच उशीर झाला. एकाचं डोकं दुखत होतं, न्याहारी लांबली, भोजबासाहूनच पावणेसातला निघालो आणि तपोवनला पोचेपर्यंत साडेबारा झाले. पण येताना दहा आणि जाताना दहा हे आकडे सारखे का, हे क्वचितच कुणी विचारतं. वेळ बदलली की ओढाही बदलतो, हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं.

काठावरची अर्धी घटका

आमच्या लीडरने दोर काढायला सांगितला. एकमेकांचे हात धरून साखळी करू, तो म्हणाला. आमच्यातला सगळ्यात धाकटा, आयटीतला मुलगा, म्हणाला, "दादा, वीस मिनिटं थांबू या. उतरेल पाणी." हे त्याला सह्याद्रीने शिकवलेलं होतं, आणि सह्याद्रीत ते खरंही आहे. ताम्हिणीत किंवा लोणावळ्याच्या मागे सर आली की ओढा फुगतो आणि सर थांबली की तासा-दोन तासांत बसतो. उतार छोटे, खडक काळा आणि पाणी धरून न ठेवणारा. थांबणं हा तिथला शहाणपणा.

गाइड उत्तरकाशीकडचा. तो मान हलवत म्हणाला, "सरजी, अभी तो और चढ़ेगा. शाम तक चढ़ेगा."

मी काठाच्या एका मोठ्या दगडाला ट्रेकिंगची काठी टेकवली आणि पाण्याच्या रेषेशी कोळशासारख्या एका खड्याने खूण केली. दहा मिनिटांनी पाणी खुणेच्या दोन बोटं वर. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा दोन बोटं. वर ऊन तसंच. आता कुणी दोर मागत नव्हतं. चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही वळलो आणि परत तपोवनचा चढ धरला.

मांडीएवढं पाणी म्हणजे काय, हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण मुठेच्या काठी वाढलेल्या माणसाला मांडीएवढ्या पाण्याचं भय वाटत नाही. या पाण्याचं तापमान शून्याच्या जेमतेम वर असतं. मिनिटा-दोन मिनिटांत पायांची जाणीव जाते आणि खालचा दगड हलला तरी कळत नाही. उतार इतका की पाणी धावत येतं, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. दगड वाहून नेण्याची ताकद तर त्याहून झपाट्याने वाढते. तात्त्विक हिशोबाने दुप्पट वेगाचं पाणी चौसष्ट पट वजनाचा धोंडा ढकलू शकतं. तो टक् टक् आवाज त्याचाच होता. काही दहा मीटर खाली कडा. साखळी करून उतरलो असतो तर एकाचा तोल गेल्यावर दोघे-तिघे ओढले गेले असते.

पाणी कुठून आलं

आम्हा पुणेकरांची नदीविषयीची समज पावसाने घडवलेली आहे. मुठा वर सह्याद्रीत उगवते, पाऊस पडला की भरते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला भरले की मग आपण एकमेकांना विचारतो, "खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलंय?" भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही, यावर घरातून निघायची वाट ठरते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं त्याच्या आठवणी अजून जुन्या पेठांमध्ये सांगितल्या जातात. या सगळ्यात नदी म्हणजे आभाळाकडे बघून वाचायची गोष्ट. काळं आभाळ म्हणजे धोका, निळं म्हणजे सुटका.

आकाशगंगेचं वाचन उलटं आहे. तिथे जूनमधलं निळं आभाळ हाच धोका.

बर्फ वितळायला लागणारी उष्णता बहुतांशी थेट उन्हाची असते. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरच पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात; आपण याला अप्रकट उष्मा म्हणतो. ढग नसले की ही ऊर्जा सरळ खाली येते. ताजं पांढरं हिम तिच्यातली ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतं, म्हणून नुकतंच हिम पडलेलं असताना ओढे गप्प असतात. पण जून उजाडला की खालच्या उतारांवरचं हिम जुनं, मळकट होतं आणि जागोजागी उघडा बर्फ वर येतो. तो फार तर तीस-चाळीस टक्के परत पाठवतो. बाकीचं ऊन त्याच्यात मुरतं.

मग ते पाणी लगेच नदीत येत नाही. आधी हिमाच्या थरातून, ओल्या वाळूतून पाणी जावं तसं, हळू झिरपतं. तिथून भेगांमध्ये आणि बर्फातल्या उभ्या विहिरींमध्ये पडतं, तिथून तळाच्या बोगद्यांत. बोगद्यात पोचलं की मात्र धावतं. वितळ दुपारी बारा ते दोनच्या आसपास सगळ्यात जोरात असते, म्हणून लहान ओढ्याचं पाणी दुपार कलताना चढतं आणि मोठ्या हिमनदीचं त्याहूनही उशिरा, संध्याकाळी. रात्री पुरवठा आटतो, पण वर साठलेलं पाणी झिरपत राहतं. म्हणून ओढा कोरडा पडत नाही, हळूहळू उतरत जातो आणि सगळ्यात लहान होतो तो उजाडताना. जूनमध्ये वरचं हिम अजून जाड असतं, त्यामुळे हा उशीर मोठा. जुलै-ऑगस्टपर्यंत तळाचे बोगदे मोकळे होतात, उशीर कमी होतो, पाणी चढतं ते जास्त तडफेने.

म्हणजे उशीर मुठेलाही असतो आणि आकाशगंगेलाही. मुठेच्या बाबतीत घाटातला पाऊस, धरण, विसर्ग, आणि मग लकडी पूल. आकाशगंगेच्या बाबतीत ऊन, हिम, भेग, बोगदा, आणि मग आम्ही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 'हिमालयातल्या नद्या बारमाही असतात कारण त्या बर्फावर पोसल्या जातात' हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्यात वर्षाचा विचार होता. दिवसाचा नव्हता. पुस्तकात नदीचा आलेख महिन्यांचा असतो. तासांचा आलेख मी विद्यार्थ्यांसमोर एकदाही काढला नव्हता.

बर्फाची लादी

परत आल्यावर हे मुलांना दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. मंडईच्या बाजूच्या एका बर्फवाल्याकडून लादी आणली. पूर्वी हे लोक लादी लाकडाच्या भुशात गाडून आणि गोणपाटात गुंडाळून ठेवत. त्या बर्फवाल्याने अजूनही तसंच दिलं. तिचे सारखे तीन तुकडे केले आणि मे महिन्यातल्या एका सकाळी गच्चीवर ताटांत ठेवले. एक उघडा. दुसऱ्यावर चुलीतली काळी राख, नुसती भुरभुरवलेली. तिसऱ्यावर चार बोटं जाड वाळू.

राखेचा तुकडा आधी खचला. काळी राख ऊन शोषते आणि थर इतका पातळ की उष्णता लगेच खाली जाते. वाळूखालचा तुकडा शेवटी राहिला. दुपारी एकला वाळू बाजूला केली तर खाली अर्ध्याहून जास्त बर्फ शाबूत होता. बर्फवाल्याचा भुसा आणि गंगोत्री हिमनदीच्या पाठीवरचे दगड एकच काम करतात. म्हणूनच गोमुखाच्या वर, दगडांच्या जाड थराखाली बर्फ इतक्या खालपर्यंत टिकलेला आहे, आणि जिथे नुसती धूळ आहे तिथे खड्डे पडलेत. थराची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून हिमनदीची पाठ अशी उंचसखल, टेकाडं आणि डबकी असलेली.

एका मुलीने ताटात जमणारं पाणी दर अर्ध्या तासाला मोजून वहीत टिपलं. ऊन माथ्यावर आल्यावर तिचे आकडे वाढत गेले. माझ्या काठीवरच्या खुणांचा आलेख आणि तिच्या वहीतला आलेख मी आता शेजारी शेजारी लावतो.

रात्र आणि सकाळ

तपोवनला एका साधूबाबांची दगडी कुटी होती आणि दुसऱ्या एका गिर्यारोहक तुकडीचे दोन तंबू. त्यांनी आम्हाला सामावून घेतलं. पाच जण कुटीत, सहा जण तंबूंत, दाटीवाटीने. आमच्याकडे झोपायच्या पिशव्या नव्हत्या. बाबांनी पातळ डाळभात केला. डोकं दुखणाऱ्या मित्राला रात्रभर बसवून ठेवलं, कोमट पाणी पाजत राहिलो. विरळ हवेचा त्रास अशा उंचीवर अंगावर काढण्यासारखा नसतो. त्याचं काही वाईट झालं असतं, तर त्याचं मूळ सदाशिव पेठेतल्या त्या कागदावरच्या दहा मिनिटांत होतं, हे मला त्या रात्री फार लागलं.

पहाटे पावणेसहाला ओढ्याशी आलो. माझी खूण दगडावर वर, कोरडी. पाणी तिच्या कितीतरी खाली, काचेसारखं. कालचे दगड जागेवर होते, फक्त त्यांच्यावर बर्फाची पातळ साल धरली होती. गाइडने त्यांवर मूठमूठ वाळू टाकली आणि एकेकाला पलीकडे नेलं. त्या दिवशी संध्याकाळी गंगोत्रीला पोचलो तेव्हा आरतीची वेळ होती, आणि घाटावर पाणी जिथपर्यंत येत होतं ती पायरी जाताना सकाळी आम्ही कोरडी पाहिली होती.

नदी खाली जाते तेव्हा

गोमुखाच्या पाण्याची एक पारदर्शक बाटली मी घरी आणली. दुधात पाणी घातल्यासारखा रंग. कपाटावर ठेवून दिली. कित्येक दिवस ती गढूळच राहिली आणि मग तळाशी रांगोळीच्या पिठाइतकी बारीक राखाडी साय बसली. हिमनदी खालचा खडक दळते तेव्हा असं पीठ निघतं, आणि ते इतकं हलकं असतं की सहजासहजी तळाशी बसत नाही.

उन्हाचं हे घड्याळ भागीरथी किती लांब नेते? गंगोत्रीपर्यंत ते स्पष्ट. भैरोंघाटीला जाड गंगा मिळते. हर्सिलला दरी रुंदावते, नदी पात्र पसरते, वाळू-गोट्यांची बेटं टाकत तिचे फाटे होतात आणि चढउतार मंदावतात. उत्तरकाशीच्या खाली उपनद्या, पाऊस, झरे असं सगळं मिसळत जातं. टिहरीला 260.5 मीटर उंचीचं धरण आहे. खतलिंग हिमनदीकडून येणारी भिलंगना तिथे भागीरथीला मिळते. जलाशय दिवसाचा चढउतार पूर्ण गिळतो, आणि धरणाच्या खाली नदी वाहते ती बरीचशी विजेच्या मागणीप्रमाणे. देवप्रयागला अलकनंदा भेटते तोवर वर्षभराच्या पाण्यात हिम आणि बर्फाचा वाटा एक तृतीयांशाहून कमी उरतो. तिच्याकडे पाहून गोमुखाची वेळ सांगता येत नाही.

गोमुखही जागेवर नाही. भूवैज्ञानिक ऑडेन यांनी 1935 साली त्याची जागा नकाशावर नोंदली. तिथपासून 1996 पर्यंत ते 1,147 मीटर मागे सरलं, वर्षाला सरासरी 19 मीटर. मागे हटणारी हिमनदी काही काळ जास्त पाणी देते, आणि बर्फच उरला नाही की कमी. आकाशगंगेसारख्या लहान ओढ्यांना हे आधी जाणवणार, कारण त्यांच्या मागे 30 किलोमीटरचा साठा नसतो.

2016

पुढच्या जूनमध्ये पुन्हा गेलो, त्यातले सात जण तेच. या वेळी वेळापत्रक उलट्या बाजूने लिहिलं: आधी ओढ्याची वेळ, मग चालण्याची, मग झोपण्याची. ओढा सकाळी आठच्या आत, दोन्ही वेळेला. त्यासाठी हिमनदीच्या अलीकडे तंबूचा एक जादा मुक्काम, आणि तपोवनला दोन. सगळ्यांकडे झोपायच्या पिशव्या. गाइडला कागद पुण्याहूनच पाठवला होता. त्याने दोन ठिकाणी वेळा बदलल्या, आम्ही तशाच ठेवल्या.

पहिल्या दिवशी तपोवनला ऊन होतं. ओढ्याच्या काठाशी काठी रोवून बसलो. सकाळपासून चारपर्यंत पाणी वीतभर आणि वर चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग. तीच काठी, तोच दगड, आणि चारपर्यंत जेमतेम तीन बोटं. धाकटा मुलगा माझ्या शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होता. गेल्या वर्षी वीस मिनिटं थांबू म्हणणारा तोच. "म्हणजे आज उतरता आलं असतं," तो म्हणाला. आलं असतं, दुपारी चारला.

साडेपाचला भुरभुर सुरू झाली. गाइडने काठीकडे पाहिलंही नाही. आमचे तंबू ओढ्यापासून वीसेक पावलं वर हलवायला सांगितले. पावसाच्या पाण्याला उन्हाचं घड्याळ लागू नव्हतं. या वेळी कुणी कारण विचारलं नाही. अकराच्या अकरा जण उठलो आणि खुंट उपटायला लागलो.